मनगटी घड्याळाची पारख

वेळ पाहण्यासाठीं मनगटावर घड्याळ बांधण्याची आज कोणास गरज राहिलेली नाहीं. खिशांतील मोबाइल फोन वेळ सांगतो, भिंतीवरचें घड्याळ सांगतें, आणि आमची आकाशवाणीही सांगते. असें असतांही गेल्या महिन्यांत माझा भाचा एक मनगटी घड्याळ घेऊन माझ्या घरीं आला आणि तें टेबलावर ठेवून म्हणाला, "मामा, हें घेण्याजोगें आहे कां, तेवढें सांगा."

घड्याळ त्याचें नव्हतें. मित्राकडून परीक्षेपुरतें १५ दिवस तें उसनें मिळालें होतें. तसेंच नवें घ्यावयाचें तर सुमारें ५० हजार रुपये पडणार होते, आणि ही रक्कम म्हणजे त्याची पहिल्या नोकरींतील वर्षभराची शिल्लक होती. घड्याळ स्विस बनावटीचें खरें. परंतु ज्या पेढ्यांचीं नांवें आपण सर्वांनीं ऐकलेलीं आहेत त्यांपैकीं एकीचेंही नव्हे. एका लहानशा स्वतंत्र पेढीनें तें बाजारांत आणलें होतें आणि नागपुरांत त्या पेढीचें दुकान नाहीं. तिचें नांव मी येथें घेत नाहीं. हें भाषण म्हणजे जाहिरात नव्हे. शिवाय आम्हीं जो निर्णय केला तो त्या एका घड्याळापुरता नसून त्या जातीच्या सर्व घड्याळांना लागू पडण्यासारखा आहे.

पेढी लहान आहे एवढ्यावरून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. आपल्याकडील जुन्या घरांतून कपाटाच्या खणांत 'वेस्ट एंड' नांवाचें एखादें घड्याळ अजूनही सांपडतें. माझ्या वडिलांचें तेंच होतें. तबकडीवर मुंबई व कलकत्ता या शहरांचीं नांवें इंग्रजींत छापलेलीं असत, त्यामुळें पुष्कळांस ही कंपनी मुंबईची किंवा विलायतेची वाटे. वस्तुतः ती स्विस. सां-इमिये या गांवच्या आल्सीद द्रोझ यांच्या कारखान्याच्या परंपरेंतून १८८६ सालीं तिचा जन्म झाला, आणि हिंदुस्थानांतील गिऱ्हाइकांना रुचावें म्हणून लंडनच्या एका संपन्न भागाचें नांव तिला देण्यांत आलें. तिच्या सर्वांत प्रसिद्ध घड्याळाचें नांव 'सोवार', म्हणजे आपला 'स्वार' हाच शब्द. मोठ्या नामांकित पेढ्यांच्या मानानें हें घराणें लहानच. तरी धक्का सोसणारी 'इन्काब्लॉक' योजना १९३४ च्या सुमारास आपल्या घड्याळांत प्रथम बसविणाऱ्यांत त्याची गणना होते. सांगण्याचें तात्पर्य, लहान स्विस पेढीचें घड्याळ विश्वासानें विकत घेणें आपल्या वडीलधाऱ्यांना नवीन नव्हतें.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो कीं, या लहान पेढ्या स्वतः कांहींच बनवीत नाहींत. यंत्र एकाकडून, तबकडी दुसऱ्याकडून, कांटे तिसऱ्याकडून घेतात आणि आपलें नांव छापतात. हें बव्हंशीं खरें आहे. पण तो दोष नव्हे. जुरा पर्वतांतील घड्याळांचा धंदा वाढला तोच मुळीं या पद्धतीनें. हिवाळ्यांत बर्फामुळें शेतीचें काम बंद पडलें कीं घरोघर कोणी चक्रें कापी, कोणी कांटे घडवी, कोणी तबकड्या रंगवी, आणि गांवांतील एक व्यापारी हे सर्व भाग गोळा करून त्यांचें घड्याळ जुळवी. आपल्याकडे सूत एकानें कातावें, दुसऱ्यानें रंगवावें आणि तिसऱ्यानें विणावें, तसाच हा प्रकार. लुगडें चांगलें कीं वाईट हें विणकरानें सूत स्वतः कातलें होतें कीं नाहीं यावरून आपण ठरवीत नाहीं.

मग तबकडीच्या तळाशीं बारीक अक्षरांत जे 'स्विस मेड' असे दोन शब्द असतात त्यांचा अर्थ काय? तो अर्थ कायद्यानें ठरलेला आहे. १९७१ च्या डिसेंबरांत स्विस सरकारनें प्रथम याविषयीं नियम केले आणि १ जानेवारी २०१७ पासून ते अधिक कडक झाले. आतां घड्याळाच्या एकूण उत्पादनखर्चापैकीं निदान ६० टक्के खर्च त्या देशांत झालेला असावा लागतो. यंत्र स्विस असावें लागतें. तें पेटींत बसविण्याचें काम व शेवटची तपासणीही तेथेंच व्हावी लागते. याचाच दुसरा अर्थ असा कीं, उरलेला ४० टक्क्यांपर्यंतचा खर्च परदेशांत झालेला असूं शकतो, आणि त्यांत कायद्याचा भंग होत नाहीं. हे दोन शब्द म्हणजे जन्मगांवाचा दाखला आहे. प्रकृतीचा दाखला नव्हे. प्रकृति आपली आपण तपासावी लागते.

ती तपासण्याची रीत कोणत्याही घरांत करण्यासारखी आहे, म्हणून ती सविस्तर सांगतों. आम्हीं रोज रात्रीं रेडिओवरील वेळेच्या घोषणेशीं घड्याळ ताडून पाहिलें आणि फरक वहींत टिपला. येथें एक सावधगिरी घेतली पाहिजे. मोबाइलवर इंटरनेटच्या मार्गानें येणारें प्रक्षेपण कांहीं सेकंद उशिरां पोंचतें. तेव्हां साध्या रेडिओसंचावरच ऐकावें, अगर मोबाइल फोनवरील घड्याळाचे सेकंदच प्रमाण मानावे. पहिल्या १२ दिवसांत तें घड्याळ ७२ सेकंद पुढें गेलें, म्हणजे दिवसाला सरासरी ६ सेकंद. रात्रीं तबकडी वर करून ठेविलें तर तें थोडें अधिक पुढें जाई. किल्ली वरच्या बाजूस येईल असें उभें ठेविलें तर थोडें मागें येई. ही खोड ओळखली म्हणजे घड्याळजीकडे न जातांही रात्रीं ठेवण्याची बाजू बदलून बरीचशी चूक भरून काढतां येते.

आतां ६ सेकंद ही चूक मोठी कीं लहान? दिवसाचे सेकंद ८६,४००. या घड्याळांतील चक्र सेकंदाला ८ वेळां हेलकावतें, म्हणजे दिवसाला ६,९१,२०० वेळां. साध्या प्रतीच्या अशा यंत्राला कारखाना दिवसाला १२ सेकंद मागें-पुढें होण्याची मुभा देतो. म्हणजे ७,२०० भागांत एका भागाची चूक. इतवारीच्या सराफ्यांतील भाषेंत बोलावयाचें तर १ तोळ्याच्या ९६ गुंजा होतात. तेव्हां ही चूक ७५ तोळ्यांत एका गुंजेची झाली. आमच्या घड्याळाची चूक त्याच्या निम्मी, म्हणजे दीडशे तोळ्यांत एक गुंज. स्प्रिंगेवर आणि दांतेरी चक्रांवर चालणाऱ्या वस्तूकडून याहून अधिक अपेक्षा करणें अन्यायाचें होईल.

परंतु येथेंच भाच्यानें एक अडचणीचा प्रश्न विचारला. "मामा, माझें कॉलेजांतलें जुनें घड्याळ महिन्याला १५ सेकंदसुद्धां चुकत नव्हतें, आणि तें हजार रुपयांचें होतें!" त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. त्या घड्याळांत क्वार्ट्झचा, म्हणजे गारेच्या स्फटिकाचा तुकडा होता आणि तो विजेच्या योगानें सेकंदाला ३२,७६८ वेळां थरथरतो. १९६९ च्या डिसेंबरांत जपानच्या सायको कंपनीनें असें पहिलें मनगटी घड्याळ विकावयास काढलें, आणि पुढील १०-१५ वर्षांत स्वित्झर्लंडांतील शेंकडों कारखाने बंद पडले. अचूकपणाच्या शर्यतींत चावीचें घड्याळ त्या वेळींच हरलें आहे. तेव्हां जो कोणी अचूक वेळेसाठीं ५० हजार रुपये खर्च करूं पाहत असेल त्यानें ते करूं नयेत.

मग अशा घड्याळाच्या अंगीं राहिलें तरी काय? माझ्या मतें एकच गुण राहिला, पण तो मोठा आहे: तें दुरुस्त होऊं शकतें. स्वस्त क्वार्ट्झ घड्याळ बिघडलें म्हणजे बहुधा त्याचें सबंध यंत्रच फेकून नवें बसवितात. चावीच्या घड्याळांत झिजलेला प्रत्येक भाग वेगळा काढतां येतो, धुतां येतो, बदलतां येतो. ठरलेल्या काळानें तेलपाणी मिळालें तर तें दोन पिढ्यांना पुरतें. हा गुणच जर त्याच्या किंमतीचें कारण असेल, तर त्यावरून पारखीची खरी कसोटीही निघते. ज्या गांवांत आपण राहतों त्या गांवांत तें दुरुस्त होणार नसेल, तर त्या गुणाची किंमत आपल्यापुरती शून्य होय.

म्हणून लहान पेढीच्या घड्याळाविषयीं सर्वांत आधीं विचारावयाचें तें हें कीं, आंत यंत्र कोणतें आहे? बहुतेक लहान पेढ्या आपलें यंत्र दोन-तीन मोठ्या कारखान्यांकडून घेतात. 'एटा' कारखान्याचें २८२४ क्रमांकाचें यंत्र आणि 'सेलिटा' कारखान्याचें एस-डब्ल्यू २०० हीं त्यांतलीं अत्यंत प्रचलित. दुसऱ्याची बांधणी पहिल्यावरूनच घेतलेली असून दोहोंचा व्यास २५.६ मिलिमीटर आहे. अशीं यंत्रें जगभर इतकीं पसरलीं आहेत कीं उद्यां ती लहान पेढी बुडाली तरी घड्याळ पोरकें होत नाहीं. उलट एखाद्या पेढीनें स्वतःचें अपूर्व यंत्र बनविलें असेल, तर तें कितीही सुंदर असो, पेढीबरोबर त्याचे सुटे भागही अंतर्धान पावण्याचें भय असतें.

याचें उदाहरण आपल्याच देशांत आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें १९६१ सालीं बंगळूर येथें एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना निघाला. २०१६ सालीं तो उद्योग सरकारनें बंद केला. तथापि 'जनता' वगैरे त्याचीं घड्याळें आजही लोकांच्या मनगटांवर चालतात, कारण तें यंत्र हजारों घड्याळजींच्या हातांखालून गेलेलें आहे. दुसरें उदाहरण फाव्र-लूबा या घराण्याचें. १८६५ पासून हिंदुस्थानांत व्यापार करणारी ही जुनी स्विस पेढी १९७० नंतरच्या त्या मंदींत कोलमडली. पुढें तिचें नांव या हातांतून त्या हातांत गेलें. २०११ मध्यें तें टाटांच्या टायटन कंपनीनें घेतलें आणि २०२३ मध्यें एथॉस या भारतीय कंपनीकडे आलें. पेढीचें नांव विकलें जातें, निजतें आणि पुन्हां जागेंही होतें. तेवढ्या अवधींत आपलें घड्याळ चालू राहील कीं नाहीं, हें मात्र आंतल्या यंत्रावर अवलंबून राहतें.

यंत्राखालोखाल विचार आपल्या हवेचा. नागपूरच्या उन्हाळ्याची ओळख श्रोत्यांना करून देण्याची आवश्यकता नाहीं; २०१३ च्या मे महिन्यांत येथें पारा ४७.९ अंशांवर गेला होता. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं साध्या पोलादाची केसासारखी बारीक कमान उष्णतेनें मऊ पडे, आणि उपाययोजना नसल्यास घड्याळ दर अंशामागें दिवसाला सुमारें १० सेकंद मागें राही. शार्ल एद्वार गियोम या स्विस शास्त्रज्ञानें निकेल व पोलाद यांच्या मिश्रधातूंचा शोध लावून हा दोष जवळजवळ नाहींसा केला, आणि त्या संशोधनाबद्दल १९२० चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक त्याला मिळालें. आज स्वस्त स्विस घड्याळांतही त्याच जातीच्या धातूची कमान असते. तथापि अतिशय अचूक घड्याळांना अधिकृत प्रमाणपत्र देणारी तेथील संस्था १५ दिवसांची जी परीक्षा घेते तिच्यांत वरची उष्णता ३८ अंशांची धरलेली आहे, ही गोष्ट ऐकून माझ्या भाच्याला हसूं आवरेना. ३८ अंश म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्याची नुसती सुरुवात! हातावर असेपर्यंत भय नाहीं. शरीराची उष्णता घड्याळाला सांभाळून घेते. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत मात्र तें कधींही ठेवूं नये. आंतलें तेल तेवढी उष्णता सोसण्यासाठीं घातलेलें नसतें.

धुळीचा विचार तसाच. रस्त्यावरील धुळींत गारेचे कण असतात. काठिण्याच्या १० अंशी मापांत त्यांचा क्रमांक ७ वा. साधी कांच त्याहून मऊ असल्यामुळें वर्षा-दोन वर्षांत तिच्यावर ओरखडे उठतात. कृत्रिम नीलमण्याच्या कांचेचा क्रमांक ९ वा. तिला ही धूळ कांहीं करूं शकत नाहीं. आमच्या घड्याळाची कांच या जातीची होती, हा त्याच्या बाजूचा एक मुद्दा. 'पाणी ३० मीटर' अशी अक्षरें पाठीवर असलीं तर मात्र तें घालून पोहावयास जाऊं नये. तो कारखान्यांतील दाबाचा आंकडा आहे. व्यवहारांत त्याचा अर्थ पावसाचे शिंतोडे व हात धुणें एवढाच. त्यांतून रबरी कडीं कालांतरानें सुकतात, म्हणून तेलपाण्याच्या वेळीं तीं बदलून घ्यावीं. आणखी एक सूचना. घड्याळ अचानक दिवसाला एखादें मिनिट पुढें जाऊं लागलें तर घाबरूं नये. फोनच्या किंवा ध्वनिक्षेपकाच्या लोहचुंबकाजवळ तें राहिल्याचा तो परिणाम असतो, आणि कुशल घड्याळजी कांहीं क्षणांत तो घालवितो.

किंमतीविषयीं थोडें. परदेशी पेढी आपल्या देशांतला भाव सांगते. त्यावर टपालखर्च, जकात आणि आपल्याकडील १८ टक्के वस्तु-सेवा कर यांची भर पडते, हें उत्साहाच्या भरांत विसरलें जातें. १० मार्च २०२४ रोजीं भारत आणि स्वित्झर्लंडसह युरोपांतील ४ देशांचा संघ यांच्यांत व्यापारी करार झाला व १ ऑक्टोबर २०२५ पासून तो अंमलांत आला. त्यान्वयें स्विस घड्याळांवरील जकात ७ वर्षांत टप्प्याटप्प्यानें उतरत जावयाची आहे. तेव्हां ज्यांना घाई नाहीं त्यांनीं थांबण्यांत तोटा नाहीं. तसेंच स्वस्त पडतें म्हणून जुनें 'वेस्ट एंड' अगर 'फाव्र-लूबा' घेणाऱ्यांनीं सावध असावें. तबकडी नव्यानें रंगवून आणि चार घड्याळांचे भाग एकत्र करून सजविलेलीं पुष्कळ घड्याळें बाजारांत येतात. माझी स्वतःची एकदां अशी फसगत झालेली आहे.

शेवटच्या दिवशीं आम्ही दोघे सीताबर्डीवरील एका जुन्या घड्याळजीकडे गेलों. आंत शिरावयास जागा नाहीं. एक टेबल, एक दिवा आणि डोळ्याला लावावयाचें भिंग, एवढाच त्याचा संसार. त्यानें घड्याळाची पाठ उघडली, भिंग लावलें आणि क्षणभर पाहून म्हणाला, "यंत्र ओळखीचें आहे. सामान मुंबईहून मिळतें. मी आहें तोंवर काळजी नको. पुढचें मात्र मला विचारूं नका."

त्याच्या हाताखालीं दोन मुलें शिकून तयार झालीं होतीं. दोघेही आतां मोबाइल फोन दुरुस्त करतात. फोनची कांच बदलावयास अर्धा तास लागतो आणि पैसे रोख मिळतात. एक घड्याळ खोलून, धुऊन, तेल देऊन पुन्हां जुळवावयास सबंध दिवस जातो. त्याच टेबलावर मीं माझ्या वडिलांचें 'वेस्ट एंड' ठेविलें. तोल राखणाऱ्या चक्राचा आंस झिजला होता. नवा आंस कोठें मिळणार? त्यानें खणांतून एक मेलेलें घड्याळ काढलें आणि त्यांतला आंस उतरवून ठेविला.

भाच्यानें विचारलें, "काका, मग मी घेऊं कीं नको?"

"घ्या, पण घातलें पाहिजे," तो म्हणाला. "पेटींत ठेवलेलें घड्याळ माझ्याकडे येत नाहीं. माझ्याकडे कांहीं येईनासेंच झालें तर हें दुकान मी कशावर चालवूं?"

श्रोतेहो, या प्रश्नाला 'स्विस मेड' या दोन शब्दांत उत्तर नाहीं. तें आपल्याकडे आहे. दर चार-पांच वर्षांनीं आपण घड्याळ तेलपाण्यासाठीं गांवांतील जाणत्या माणसाकडे नेलें, त्याच्या दिवसभराच्या कामाचे रास्त पैसे कुरकुर न करतां दिले, तर कदाचित् एखादा मुलगा त्या टेबलापाशीं टिकून राहील. तसें झालें नाहीं, तर उत्तमांतलें उत्तम घड्याळही पहिल्या बिघाडाबरोबर शोभेची वस्तु होऊन बसेल.

आतां आमचा निर्णय सांगतों. लहान स्विस पेढीचें घड्याळ अवश्य घ्यावें. मात्र यंत्राचें नांव पेढीनें लेखी सांगितलेलें असावें, तें प्रचलित असावें, कांच नीलमण्याची असावी, आणि तेलपाण्याचा खर्च घेण्यापूर्वींच विचारलेला असावा. भाच्यानें त्याच पेढीचें, त्याच यंत्राचें, पण तारीख न दाखविणारें एक साधें घड्याळ निवडलें. सर्व कर धरून तें ३८ हजारांस पडलें. उरलेले १२ हजार त्यानें पुढील तेलपाण्यासाठीं बँकेंत वेगळे ठेविले आहेत, आणि पहिल्या तेलपाण्याचा महिना वहींत लिहून ठेविला आहे. माझ्या वडिलांचें 'वेस्ट एंड' मला पुढील आठवड्यांत मिळावयाचें आहे.